वाचक विचारतात: रायफलच्या दस्त्याला कोणतं फिनिश?

या वेळच्या पत्रांमध्ये रायफलच्या लाकडी दस्त्यावरच्या फिनिशचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. पावसाळा संपत आला की असे प्रश्न येणारच, कारण चार महिन्यांच्या दमट हवेत फिनिशमधले दोष उघडे पडतात. पहिला प्रश्न सर्वांना उपयोगी पडेल असा आहे, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर दिलं आहे.

प्रश्न: पॉइंट टू-टू रायफलसाठी काश्मिरी अक्रोडाचा दस्ता मापाप्रमाणे घडवून घेतला आहे. २२० नंबरच्या पेपरपर्यंत घासून कोरा ठेवला आहे. कुणी जवसाचं तेल सांगतं, कुणी ट्रू-ऑइल. पॉलिशवाला म्हणतो, टू-के पीयू मारून देतो, दहा वर्षं बघायला नको. आठवड्यातून दोनदा रेंजवर जातो, वर्षभर. काय निवडावं?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

फिनिशचं मुख्य काम लाकडात ओल शिरण्याचा वेग कमी करणं हे आहे. रंग, चमक, हाताला लागणारा गुळगुळीतपणा हे सगळं त्यानंतर. ओल कायमची थांबवणारं फिनिश कोणतंच नाही. काही फिनिश तिला तासाभरात आत सोडतात, काही आठवडे लावतात.

आपल्या माळव्यात हे जास्त महत्त्वाचं ठरतं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत उघडं लाकूड पाच-सहा टक्के ओलीवर येतं आणि ऑगस्टच्या झडीत पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत चढतं. कोरडं वजन १ किलो असलेल्या दस्त्यात हा फरक सुमारे १०० ग्रॅम पाण्याचा होतो. लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवं वाढतं. ४० मिलिमीटर रुंदीच्या फोरएंडला, म्हणजे दस्त्याच्या बॅरलखालच्या पुढच्या भागाला, ही पूर्ण वाढ मिळाली तर रुंदी अर्धा ते एक मिलिमीटर बदलू शकते. चारी बाजूंनी सारखं फुगलं तर एक वेळ निभावेल. पण बाहेरून चकचकीत पॉलिश आणि आत बॅरल चॅनेल (बॅरल बसते ती लांब खाच) कोरं, असं असेल तर आतली बाजू आधी फुगते, फोरएंड वाकतो, बॅरलला टेकतो आणि गोळ्यांचा गट एका बाजूला सरकतो. नेमबाज साइट फिरवत बसतो, दोष लाकडात असतो.

म्हणून कोणतंही फिनिश निवडा, पहिले हात आतल्या बाजूला आणि आडव्या कापांना, म्हणजे जिथे लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात तिथे, द्यायचे: बॅरल चॅनेल, मॅगझिनची खाच, बटप्लेटखालचा (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीखालचा) काप, फोरएंडचं टोक आणि स्क्रूची भोकं. आडव्या कापातून ओल बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटींनी वेगाने शिरते. बटप्लेट काढून पाहा. विकत घेतलेल्या बहुतेक दस्त्यांचं लाकूड तिथे कोरंच सापडतं.

आता तुमचे तीन पर्याय.

नुसतं जवसाचं तेल, म्हणजेच अळशीचं, लाकडाचा रंग सुंदर उघडतं आणि त्याची दुरुस्ती सर्वांत सोपी. पण ओल अडवण्यात ते फार कमी पडतं. अमेरिकेत मॅडिसन इथल्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने वेगवेगळी फिनिश लावलेलं लाकूड दमट हवेत ठेवून तुलना केली. त्यात जवस आणि टंग ही दोन्ही तेलं तीन हात देऊनही तळाशी राहिली आणि दोन भागांचं इपॉक्सी वरच्या टोकाला गेलं. जुन्या ब्रिटिश फौजी रायफली जवसाच्या तेलावर टिकल्या, कारण त्यांना पुन्हा पुन्हा तेल चोळण्याची शिस्त होती. ती शिस्त पाळणार असाल तरच नुसत्या तेलाकडे वळा. कच्चं तेल मात्र नको, ते सुकायला आठवडे घेतं. डब्यावर ‘डबल बॉइल्ड’ लिहिलेलं बघून घ्या. खाण्याचं अळशीचं तेलही कच्चंच असतं, तेही नको.

टू-के पीयू म्हणजे पॉलियुरेथेन आणि हार्डनर असं दोन डब्यांचं मिश्रण. ओल, घाम, बंदुकीचं तेल, क्लीनिंग सॉल्व्हंट या सगळ्यांपुढे ते चांगलं टिकतं. अडचण दुरुस्तीची. रेंजच्या बाकावर, रॅकमध्ये, गाडीच्या डिकीत दस्ता आपटतोच. पीयूचा थर तिथे चिरतो, चिरेतून ओल आत जाते, थराखाली पसरते आणि पांढुरका डाग पडतो. तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही, कारण पुढचा थर आधीच्या कडक थरात मिसळत नाही. पूर्ण बाजू घासून पुन्हा मारावी लागते. ‘दहा वर्षं बघायला नको’ हे भिंतीवर टांगलेल्या दस्त्याबाबत खरं असेल. आठवड्यातून दोनदा वापरात असलेल्या दस्त्याबाबत नाही.

ट्रू-ऑइल हे प्रक्रिया केलेल्या जवसाच्या तेलावर आधारलेलं आहे. बोटाने अगदी पातळ लावायचं, थरावर थर चढतो, दुरुस्ती सोपी. साध्या तेलापेक्षा ओल बरीच जास्त अडवतं. बाटली उघडल्यावर आतली हवा लागून उरलेलं तेल घट्ट होतं, म्हणून लहान बाटल्या घ्या किंवा लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा.

आमची शिफारस अशी: आतून आणि आडव्या कापांना इपॉक्सी, बाहेरून ट्रू-ऑइल किंवा त्याच जातीचं तेल-वार्निश मिश्रण. हे मिश्रण घरी होतं. डबल बॉइल्ड जवसाचं तेल, तेलाधारित वार्निश आणि टर्पेंटाइन, तिन्ही समान भाग. प्रत्येकी ६० मिलिलिटर घेतलं तर एका दस्त्याला पुरून उरतं. वार्निशच्या डब्यावर टर्पेंटाइनने पातळ होतं असं लिहिलेलं हवं. पीयू थिनर किंवा एनसी थिनर मागणारं वार्निश तेलात नीट मिसळत नाही, फाटतं.

काम सुरू करण्याआधी दस्ता स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोला आणि दर दोन-तीन दिवसांनी तोलत राहा. वजन आठवडाभर एकाच आकड्यावर थांबलं की लाकूड घरातल्या हवेशी जुळलं. उतरत असेल तर थांबा. ओल्या लाकडावर केलेलं फिनिश ओल आत कोंडतं, आणि पुढे लाकूड आटलं की बटप्लेटच्या कडा बाहेर डोकावतात. ऋतूही पाहा. इंदुरात ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च उत्तम. जानेवारीच्या थंडीत तेल दुप्पट वेळ घेतं. मे महिन्यात वरची साय लगेच धरते आणि आतलं ओलंच राहतं.

बेडिंग, म्हणजे अ‍ॅक्शन (गोळी भरण्या-झाडण्याची यंत्रणा) लाकडात घट्ट बसावी म्हणून तिच्याखाली इपॉक्सी भरणं, करायचं असेल तर ते फिनिशच्या आधी. बेडिंगचं इपॉक्सी स्वतःच त्या जागा बंद करतं, त्यामुळे अ‍ॅक्शन जिथे टेकते तिथे वेगळा थर देऊ नका, माप बिघडतं. बाकीच्या आतल्या भागासाठी सावकाश सेट होणारं दोन ट्यूबांचं इपॉक्सी घ्या, झटपट सेट होणारं नको. हेअर ड्रायरने लाकूड किंचित कोमट करा. कोमट लाकडावर इपॉक्सी पातळ होऊन आत ओढलं जातं. कडक ब्रशने फासा, दहा मिनिटांनी वर उरलेलं पुसून काढा, दुसऱ्या दिवशी आणखी एक हात द्या. स्क्रूच्या भोकात कान साफ करायच्या काडीने लावा आणि सुकल्यावर स्क्रू मोकळा जातो की नाही ते तपासा. शेवटी रायफल जोडून बॅरल आणि लाकडाच्या मधून जाड कागदाची पट्टी टोकापासून अ‍ॅक्शनपर्यंत सरकवा. अडकली तर तिथे इपॉक्सी साचलं आहे, घासून काढा.

बाहेरची बाजू २२० वर आहे, पण लगेच तेल लावू नका. ओल्या फडक्याने पूर्ण दस्ता एकदा पुसा. दबलेली कुसं, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू, उभी राहतील. हेअर ड्रायरने सुकवा आणि ३२० नंबरच्या नव्या पेपरने रेषांच्या दिशेने हलकं घासा. जुना पेपर कुसं कापत नाही, पुन्हा दाबतो. कुसं येणं बंद होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीनदा, हे करा. ज्यांनी हे केलं नाही त्यांचा दस्ता पहिल्या पावसात हाताला खरखरीत लागतो. लहान पोचे असतील तर ते याच वेळी काढा: ओलं सुती फडकं पोच्यावर ठेवून गरम इस्त्री टेकवा, दबलेले तंतू वाफेने वर येतात. तंतू तुटून खड्डा पडला असेल तर वाफेचा उपयोग नाही.

पहिला हात भरपूर द्या. लाकूड पिईल तितकं पिऊ द्या, वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसा. २४ तासांनी अक्रोडाची छिद्रं भरायची. थोडं मिश्रण ओतून ४०० नंबरच्या वॉटर पेपरने गोल गोल घासा. लाकडाची भुकटी आणि तेल यांचा चिखल होतो आणि तोच छिद्रांत बसतो. तो रेषांना आडवा, जाड सुती कापडाने पुसा. उभा पुसलात तर छिद्रांतून निघून येईल. पुन्हा २४ तास. उजेडाकडे तिरकं धरून पाहा, छिद्रं दिसत असतील तर पुन्हा. अक्रोडाला सहसा तीन वेळा लागतं. बाजारातलं रेडीमेड फिलर यापेक्षा लवकर होतं, पण त्याचा रंग लाकडाशी जुळत नाही.

यानंतर पातळ हात. बोटावर दोन-तीन थेंब, हाताएवढा भाग, चोळत चोळत जवळजवळ कोरडा होईपर्यंत. रोज एक. पाच ते आठ हात पुरतात. दर दोन हातांनंतर शून्याच्या चार खुणांची बारीक स्टील वूल किंवा १००० नंबरचा पेपर हलकेच फिरवा. जाड हात देण्याचा मोह इथेच होतो आणि बहुतेक दस्ते इथेच बिघडतात. वर साय येते, खाली तेल ओलं राहतं, आठवड्याने सुरकुत्या पडतात. सुरकुती पडली की वरून काही लावून उपयोग नाही, तेवढा थर घासून काढावाच लागतो. शेवटच्या हातानंतर दोन ते तीन आठवडे दस्ता हवेशीर खोलीत उभा ठेवा, कव्हरमध्ये घालू नका.

तेलाची फडकी कधीही चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं. गुंडाळलेल्या फडक्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटतं. काम संपलं की फडकी पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवा.

आणि काम तुम्ही करा किंवा पॉलिशवाल्याकडे द्या, रायफल आधी खोला. परवान्याचं शस्त्र परवाना नसलेल्या माणसाकडे ठेवता येत नाही. बॅरल आणि अ‍ॅक्शन घरी कुलपात, कारागिराकडे फक्त लाकूड.

प्रश्न: शिसवीचा दस्ता करून घेतला. जवसाच्या तेलाचे चार हात दिले. दोन महिने झाले तरी हाताला चिकट लागतो. तेल खराब होतं का?
— एक वाचक, देवास

तेल बहुधा ठीक असेल. शिसवी आणि शिसम ही एकाच कुळातली झाडं आहेत आणि त्यांच्या लाकडात अशी नैसर्गिक द्रव्यं असतात जी तेलाला सुकू देत नाहीत. तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि ही द्रव्यं नेमकी तीच क्रिया रोखतात. अक्रोडावर दोन दिवसांत सुकणारं तेल शिसवीवर महिनोन्महिने चिकट राहतं. त्यात तुम्ही पावसाळ्यात काम केलंत. उन्हात ठेवून काही साधणार नाही. उन्हाने तेल पातळ होऊन छिद्रांतून वर येईल आणि लाकूड चिरण्याची भीती वेगळी.

टर्पेंटाइनने भिजवलेल्या फडक्याने चिकटपणा निघेपर्यंत पुसा, दर वेळी फडकं बदला. मग एकदा अ‍ॅसिटोनने पुसून दोन दिवस ठेवा. त्यावर मेण काढलेल्या लाखेचे दोन पातळ हात द्या. साधा चपडा चालणार नाही, त्यातल्या नैसर्गिक मेणावर पीयू धरत नाही. लाखेचा थर लाकडातली द्रव्यं खाली अडवतो. नंतर ३२० ने हलकं घासून पीयूचे दोन-तीन हात. तुमच्या लाकडाला तेलाचा हट्ट सोडलेला बरा. सागाच्या दस्त्यालाही असाच त्रास होतो. सागाला पीयू लावण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसून तासाभरात पहिला हात द्यावा, नाहीतर आतलं तेल पुन्हा वर येतं.

लाख शेवटचा थर म्हणून मात्र कुठल्याच दस्त्यावर ठेवू नका. पाण्याने पांढरी पडते, स्पिरिटने विरघळते आणि ७५ अंशांच्या आसपास वितळते; मऊ तर त्याआधीच पडते. उन्हात उभ्या गाडीत तिच्यावर कव्हरच्या कापडाची नक्षी उमटते.

प्रश्न: फर्निचरवाला म्हणतो मेलामाइन मारा, पीयूपेक्षा स्वस्त आणि तसंच दिसतं. चालेल का?
— एक वाचक, विजयनगर, इंदूर

नको. मेलामाइन आम्लाच्या साह्याने कडक होतं आणि काळानुसार ठिसूळ होत जातं. कपाटाचं दार आपटत नाही, दस्ता आपटतो. ठिसूळ थर कडांवर आधी उडतो. शिवाय आम्ल असलेलं फिनिश लोखंडाला लागून असणं चांगलं नाही.

पीयूच मारायचं तर पाऊस थांबल्यावर मारा. हार्डनर हवेतल्या ओलीशी क्रिया करून वायू सोडतो आणि थरात टाचणीच्या टोकाएवढे फुगे राहतात. मिश्रणाचं प्रमाण कंपनीगणिक वेगळं असतं, ते डब्यावरूनच घ्यावं. अंदाजाने जास्त हार्डनर घातला की थर काचेसारखा तडकतो, कमी घातला की रबरासारखा राहतो. हार्डनरमधलं आयसोसायनेट फुफ्फुसांना घातक आहे. सुती मास्क त्याला अडवत नाही. स्प्रेचं काम घरात करू नका, योग्य कार्ट्रिजचा मास्क आणि हवा खेचणारा पंखा असलेल्या ठिकाणीच करून घ्या. थरात गोल गोल खळगे पडले तर लाकडाला सिलिकॉन लागलेलं असतं. बंदूक पुसायच्या सिलिकॉनच्या कापडाने कोरा दस्ता कधीच पुसू नये.

प्रश्न: आजोबांची बारा बोअरची बंदूक माझ्या परवान्यावर आली आहे. दस्ता काळा पडला आहे, मुठीजवळ तेलकट आणि मऊ. घासून नवीन पॉलिश करावं का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

सँडपेपर हातात घेऊ नका. जुन्या बंदुकीत लाकूड आणि धातू एका पातळीत बसवलेले असतात. अर्धा मिलिमीटर लाकूड गेलं की धातूच्या कडा वर दिसू लागतात, आणि ते परत आणता येत नाही.

काळेपणा वरचा असेल तर टर्पेंटाइन आणि बारीक स्टील वूलने, तेही हलक्या हाताने, निघतो. मुठीजवळचा मऊपणा मात्र गंभीर घ्या. वर्षानुवर्षं अ‍ॅक्शनला घातलेलं खनिज तेल ओघळून लाकडात मुरलं आहे. असं लाकूड धक्का सोसत नाही आणि धातूच्या मागच्या टोकापासून चिरतं. चीर दिसत असेल तर बंदूक चालवू नका, परवानाधारक गनस्मिथला दाखवा. चीर नसेल तर दस्ता सोडवून खडूची पूड आणि अ‍ॅसिटोन यांची दाट पेस्ट करा, तेलकट भागावर बोटभर जाडीने थापा आणि सुकू द्या. सुकताना ती तेल ओढून पिवळट होते. झाडून पुन्हा थापा. पूड पांढरीच राहू लागली की थांबा. पाच-सहा वेळा लागू शकतं. अ‍ॅसिटोन लगेच पेट घेतं. हे काम गॅसपासून दूर, उघड्या हवेत करा. मग डबल बॉइल्ड तेलाचे दोन पातळ हात. जुन्या बंदुकीवर इतकंच शोभतं. यापुढे बंदूक नळी खाली करून ठेवा, म्हणजे तेल लाकडाकडे ओघळणार नाही.

प्रश्न: मुलगी एअर रायफल खेळते. लाकडी दस्त्याच्या गालाला लागणाऱ्या भागाचं पॉलिश मऊ आणि चिकट झालं आहे. घाम फार येतो. तिथे काय लावावं? मॅट हवं, चमकेने तिला त्रास होतो.
— एक वाचक आई, टिळकनगर, इंदूर

ताई, नुसत्या घामाने असं क्वचित होतं. सनस्क्रीन किंवा डीट असलेलं डास पळवणारं मलम चेहऱ्याला लावून ती रायफल धरते का, ते आधी बघा. डीट अनेक वार्निशं आणि प्लास्टिक मऊ करतं. ते लावल्यावर गाल आणि हात साबणाने धुऊनच रायफल घ्यायची, हा नियम करा.

गालाचा तुकडा वेगळा निघत असेल तर काम सोपं आहे. मऊ थर पूर्ण काढून, ३२० ने घासून, टू-के पीयूचे तीन हात. मॅट हवं तरी पहिले दोन हात ग्लॉसीचे आणि फक्त शेवटचा मॅटचा द्या. मॅटमध्ये चमक मोडणारी पूड असते. तिचे थरावर थर झाले की लाकूड धुरकट दिसतं. मारून झाल्यावर निदान सात दिवस गाल लावू देऊ नका, दिसायला कोरडा झालेला थर आतून अजून पक्का होत असतो. रोजच्या सरावानंतर किंचित ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडा करा. सॅनिटायझर वापरू नका.

प्रश्न: मुठीवर चेकरिंग (पकडीसाठी चौकटीच्या बारीक खाचा) कोरून घ्यायचं आहे. फिनिश आधी की चेकरिंग आधी?
— एक वाचक, महू

फिनिश आधी. कडक झालेल्या पृष्ठभागावर रेषा स्वच्छ कापल्या जातात, कोऱ्या लाकडावर कडा फाटतात. फिनिश पूर्ण मुरल्यावर, म्हणजे तीन-चार आठवड्यांनी, कोरायला द्या. कोरल्यावर खाचांतलं लाकूड कोरं असतं, तेही बंद करायला हवं. वरच्या एका प्रश्नातलं तेल-वार्निश मिश्रण निम्म्याने टर्पेंटाइन घालून पातळ करा, जुन्या मऊ टूथब्रशने खाचांत लावा आणि दहा मिनिटांनी कोरड्या टूथब्रशने उरलेलं सगळं ओढून काढा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. एवढंच. तेल साचू दिलंत तर टोकं बोथट होतात आणि पकड जाते. पुढे कधी दस्त्याला नवा हात द्यायची वेळ आली तर चेकरिंगच्या कडेला आधी चिकटपट्टी लावून घ्या.